कातड्याचे सर

कारंडे सर कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला बघायचे, माणसं नंतर. वाकून, हात मागं बांधून, एखादा बाजारात वांगी बघतो तसे बघायचे. एकदा आमच्या वाचनालयाच्या दारात थांबून म्हणाले, "आत एक मानूस हाय, त्येच्या उजव्या पायाला करंगळीखाली कुरूप हाय. पाय वाकडा टाकतोय बिचारा." आम्ही आत गेलो. टेबलामागं बसलेल्या ग्रंथपालांनी काही न विचारता मान हलवली आणि उजवा पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

सर विज्ञान शिकवायचे. कोल्हापुरातल्या एका साध्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. वडील चपला करायचे, आजोबा चपला करायचे. पोरं त्यांना पाठीमागं 'कातडं सर' म्हणायची. सरांना ते माहीत होतं. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी स्वतःच सांगितलं, "माझं नाव कारंडे. पण ज्या नावानं तुम्ही मला वळखता, त्या नावाचीच मला जास्त सवय हाय." 

यंदा उन्हाळा सरता सरता सर गेले. झोपेतच. त्यांच्यावर लिही, असं मला चौघांनी सांगितलं आणि मी दोन महिने टाळलं. माझं अक्षरज्ञानच पत्रकांवर झालेलं. बाबा गिरणीतल्या संघटनेचं काम करायचे. घरात पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. 'निषेध' हा शब्द मला 'नारळ' या शब्दाच्या आधी वाचता येत होता. पत्रकात मागण्या असतात, इशारा असतो, खाली कार्यकर्त्यांची नावं असतात. आभार नसतात. त्यामुळे हे लिहिणं मला अवघड जातंय.

आठवीत असताना सर वर्गात एक कातड्याचा तुकडा घेऊन आले. तळहाताएवढा, बोटाएवढा जाड, पिवळट तपकिरी. पहिल्या बाकावर ठेवला आणि म्हणाले, पुढं द्या. दोन-तीन पोरांनी नाक धरलं. एकानं तुकडा पट्टीनं पुढं ढकलला.  तुकडा शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत आला, तेव्हा त्यांनी विचारलं, "नाक कुनी कुनी धरलं?" कुणीच हात वर केला नाही. "बरं. ज्या हातानं धरलं, तो हात कशात गुंडाळलाय? ह्याच मालात की."

मग त्यांनी फळ्यावर तीन मजली घर काढलं. शरीराची कातडी म्हणजे हे घर. तळमजल्यावर चरबी: ऊब आणि मऊपणा. मधला मजला सगळ्यात बळकट. त्यात धागे विणलेले असतात. रक्ताच्या बारीक नळ्या, केसांची मुळं, घामाच्या गाठी, कळ सांगणाऱ्या शिरा, सगळा संसार तिथला. "आपण पायात घालतो ते हाच मजला," त्यांनी तुकडा उचलून दाखवला. "वरचा मजला ह्यात न्हाय. कातडं कमावनारे ते चुन्यात बुडवून ठेवत्यात, मग केसासकट वरचा थर सुटून येतो." आणि तो वरचा मजला कागदासारखा पातळ. त्याच्या तळाशी पेशी जन्माला येतात, हळूहळू वर ढकलल्या जातात, चपट्या होतात, मरतात आणि धूळ होऊन गळतात. साधारण महिनाभराचा प्रवास. "म्हंजे गेल्या महिन्यात तुमच्या आईनं ज्या गालावर मारली, तो गाल आता न्हाय. नवा गाल हाय. परत मारायला मोकळा."

रंग तयार करणाऱ्या पेशी त्याच वरच्या मजल्याच्या तळाशी, ओळीत मध्ये मध्ये बसलेल्या असतात. सरांनी त्या खडूनं ठिपके देऊन दाखवल्या. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते, फरक असतो तो त्या किती रंग तयार करतात त्यात. हे सांगून ते वर्गाकडे बघत राहिले. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला वर्गात 'डांबर' म्हणायचे. तिनं वहीवर ते ठिपके मोजून काढले. मी घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "हे तर पत्रक झालं की गं."

बाबा गेले त्या वर्षी सर निवृत्त झाले. मी कॉलेज संपवून लेख लिहायला, सभांत बोलायला लागले होते. एक दिवस सर उचगावच्या आमच्या घरी आले, चपला बघितल्या, आणि म्हणाले, "पत्रकवाली, एक काम हाय. तुझ्यासारखी भांडखोर पोरगी पायजे."

काम असं होतं. लोकांच्या अंगावर काहीबाही उगवतं. चामखीळ, तीळ, गाठी, मस. लोक ते लपवतात, नाहीतर कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात, चुना लावतात, ओढ्याकाठच्या देवाला मीठ वाहतात. सर बाजाराच्या दिवशी गावोगाव जाऊन एका टेबलावर बसायचे आणि लोकांना कातडी समजावून सांगायचे. उपचार करायचे नाहीत. त्याबाबत ते फार कडक होते. "मी डॉक्टर न्हाय, मास्तर हाय," हे वाक्य ते दर माणसामागं एकदा म्हणायचे. एक भिंग, एक स्टीलची पट्टी, एक वही आणि आकार काढायला एक पेन्सिल. पेन्सिलीला टोक करायला वडिलांची रापी, चपलेचं कातडं कापायचं ते रुंद पात्याचं हत्यार. वडिलांनी मरताना बजावलं होतं, शिकलास, आता ह्याला हात लावायचा न्हाय. सरांनी हात लावला, पण फक्त पेन्सिलीपुरता.

डाग दिसला की ते पट्टी लावून मापायचे, वहीत त्याचा आकार काढायचे, खाली तारीख घालायचे. मग दोनच शब्द: "सोडा," नाहीतर "दाखवा." कुणी रडायला लागलं की म्हणायचे, "आदी बघायचं, मापायचं, लिवायचं. घाबरायचं त्येच्या म्होरं."

समजावून सांगायला त्यांनी तेच तीन मजली घर ठेवलं होतं, फक्त आता त्यात महापालिका आली होती. कातडीवर उगवलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे जास्तीचं बांधकाम. "बगा पावणं, ही तुमच्या दंडावरची गाठ. बोट लावलं की सरकतीय, मऊ लागतीय. तळमजल्यावर चरबीनं एक खोली वाढवलीय. ऱ्हाऊ दे. वाढली, दुखली, तर दाखवा." मानेवरच्या लोंबत्या बारीक चामखिळी: कपड्याच्या, माळेच्या घासण्याच्या जागी येणारं किरकोळ बांधकाम. बोटावरची खरखरीत चामखीळ मात्र वेगळी. "हितं भाडेकरू घुसलाय. विषाणू. तो शेजारी बी जातो, म्हनून खाजवू नका, ब्लेड लावू नका." तळपायाचं कुरूप आणि तळपायाची चामखीळ लोक एकच समजतात. दाबल्यावर जास्त दुखतं ते बहुधा कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटल्यावर जास्त दुखते ती बहुधा चामखीळ, आणि तिच्यात भिंगातून काळे टिपके दिसतात. तीळ म्हणजे रंगाच्या पेशींनी एका जागी भरवलेली कोपरा सभा. बहुतेक सभा शांततेत पार पडतात. "पन येखादी सभा बिगडती. कडा वेडीवाकडी हुती, रंग दोन-तीन हुत्यात, आकार वाढतो, रक्त येतं. ते लोक मग मजला फोडून खाली उतरत्यात. त्येला कॅन्सर म्हनायचं. मजला फुटायच्या आत दाखवलं, तर डॉक्टर ते कापून मोकळं करत्यात."

पेठ वडगावच्या बाजारात एक बाई लग्न ठरलेल्या लेकीला घेऊन आली. लेकीच्या गालावर उंचवट्याचा तीळ. आईच्या पिशवीत पानाचा चुना आणि धुण्याचा सोडा, दोन्ही नुकतेच घेतलेले. रात्री लावणार, सकाळी जळून पडणार, असं शेजारणीनं सांगितलेलं. सरांनी पिशवीतली चुन्याची पुडी उचलली.

"ताई, हे कुठं लावतात ठावं हाय का?"

"गालावर की. शेजारीन म्हनली."

"न्हाय. हे मेलेल्या बैलाच्या कातड्याला लावत्यात. केस सुटावं म्हनून. तुमची लेक जिती हाय."

ती बाई खवळली. "आवो, लग्न हाय पोरीचं! नवऱ्याकडचं लोक काय म्हनतील?"

"गालाला भोक पडल्यावर काय म्हनतील?" सर तेवढ्याच आवाजात म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात न्या. डॉक्टर बघंल, काढायचं असंल तर सुन्न करून काढंल, आनि काढल्यालं तपासाय बी पाठवंल. चुन्यानं जाळलं तर तपासायला काय उरंल?"

पोरगी इतका वेळ खाली मान घालून उभी होती. ती एकदम म्हणाली, "मला न्हाय काढायचा. माझा हाय त्यो." सरांनी भिंगातून पाहिलं, मापलं, वहीत काढलं आणि सांगितलं, "सोडा." चुन्याची पुडी मात्र त्यांनी परत दिली नाही.

दुसरी गोष्ट शहरातली. एका निवृत्त हेडक्लार्क आजोबांच्या सुनेनं सरांना घरी बोलावलं होतं. आजोबांच्या पाठीवर तपकिरी, मेण चिकटवल्यासारखे उंचवटे आले होते आणि ते कॅन्सरच्या भीतीनं जेवायचे बंद झाले होते. सर भिंग काढून पुढं झाले तेव्हा आजोबांनी बनियन खाली ओढलं आणि विचारलं, "कारंडे म्हणजे कुठले कारंडे?"

"चपला करणारे."

आजोबांनी बनियन वर केलं नाही. सून पदर चावत उभी. माझ्या डोक्यात तेवढ्यात पत्रकाचा मथळा तयार झाला होता. सर शांतपणे खुर्चीवर बसले. "आजोबा, कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तुमचाही आणि माझाही. मी हात लावला तरी तुम्हाला शिवत नाही. मेलेलं मेलेल्याला शिवतं. जिवंत जे काही आहे ते खाली, आतच राहतं. बघू का पाठ?"

 मग आजोबांनी पाठ वळवली आणि स्वतःच्या हातानं बनियन वर केलं.

बाहेर आल्यावर मी धुमसत होते. नावासकट छापते, असं मी म्हणाले. सर चपला घालत म्हणाले, "एकवीस हुत्या पाठीवर. वयानं येनाऱ्या चामखिळी. एक बी वाईट न्हाय. आज जेवंल म्हातारा. बास की." त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. त्यांना स्वतःचा अपमान मोजता येत नाही, असं मला वाटलं. आता वाटतं, तोही त्यांनी मापला होता आणि कुठंतरी लिहून ठेवला होता. फक्त त्याच्यावर 'सोडा' लिहिलं होतं.

अशा दोन-तीन महिन्यांच्या फिरतीनंतर आम्ही पत्रक काढायचं ठरवलं. मजकूर सरांचा, लिखाण माझं. त्यांनी मुद्दे दिले, मी त्यांना धार लावली. बुवाबाजी, चुना, मीठ, सगळ्यांवर तुटून पडले. मधल्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं: 'अंगावर उगवणाऱ्या डागाला, गाठीला, चामखिळीला घाबरू नका! तुमची भीती हाच त्यांचा धंदा आहे!' सरांच्या मुद्द्यांत सगळ्यात शेवटी एक ओळ होती: डाग नवा असेल, वाढत असेल, रंग बदलत असेल, रक्त येत असेल तर दवाखान्यात दाखवा, तळपायसुद्धा बघत जा. छापायच्या वेळी पान भरलं होतं. ती ओळ बसत नव्हती. खरं सांगायचं तर बसवता आली असती. पण 'घाबरू नका' असं गर्जून झाल्यावर शेवटी 'तरी दाखवा' म्हणणं मला लेचंपेचं वाटलं. मी ती काढली. त्या आठवड्यात सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्यामुळे त्यांनी छपाईआधी पान बघितलं नाही.

छापखान्यातून आलेली पहिली प्रत मी नेहमीप्रमाणे आईला दिली. आई बाबांमुळे वाचायला शिकली, तीही पत्रकांवरच. प्रत्येक पत्रक ती बोट ठेवून मोठ्यानं वाचते आणि पत्र्याच्या डब्यात घालते.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर सरांनी पत्रक वाचलं. दोनदा वाचलं. "शेवटची वळ कुठं गेली?"

"सर, त्या ओळीनं पत्रक मरत होतं."

"आनि तिच्याबिगर मानूस मरंल, त्येचं काय?"

एवढंच.  पत्रकांचे दोन्ही गठ्ठे ते घरी घेऊन गेले, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं प्रत्येक पत्रकाच्या खाली हातानं ती ओळ लिहायला बसले. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या छपाईत घालू. ते म्हणाले, "म्होरची छपाई वाचनारा म्होरचा असतो. हे वाचनाऱ्याचं काय?" मी वाद घातला, त्यांनी मान डोलावली आणि लिहीत राहिले. शेवटी लाजेनं मीही बसले. एक गठ्ठा संपला. दुसरा उद्या करू म्हणून मी तो उचगावला आणला आणि कॉटखाली सारला. आणि विसरले.

काही आठवड्यांनी सर तो गठ्ठा मागायला आमच्या घरी आले. दारात नेहमीप्रमाणे वाकले. मी आत पाणी आणायला गेले होते. बाहेर आले तेव्हा सरांनी आईची एक चप्पल हातात घेतली होती आणि तळ उन्हाकडं धरला होता. समोरच्या काकू कट्ट्यावरून बघत होत्या. गल्लीत पुरुष माणूस बाईमाणसाची चप्पल हातात घेऊन बसत नाही. सरांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"ह्या वहिनींच्या?"

"हो."

"किती दिवसांच्या?"

"दिवाळीच्या. का?"

त्यांनी दोन्ही चपला उपड्या करून शेजारी शेजारी ठेवल्या. उजवीची टाच झिजून गोल झालेली. डावीची टाच कोरी, दुकानातून आणल्यासारखी, आणि पुढचा चवडा मात्र पार गेलेला. "वहिनी," त्यांनी आत हाक मारली, "डाव्या टाचंला काय झालंय?"

आई पदराला हात पुसत आली. "काय न्हाय वो सर. चपलाचा रंग लागलाय. नवी हाय न्हवं. आनि जरा हुळहुळतं."

"रंग लागला तर दोनी पायांना लागंल. एकाच कसा लागला?"

 सरांनी तिला पायरीवर बसायला सांगितलं. ती नको नको म्हणत बसली, साडी घोट्यापर्यंत घट्ट धरून. टाचेवर रुपयापेक्षा थोडा लहान डाग होता. एका बाजूला काळा, एका बाजूला तपकिरी, कड शाई पसरल्यासारखी. सरांनी भिंग लावलं. पट्टी लावली. वहीत काढला. तारीख घातली. 

"दाखवा," ते म्हणाले. "उद्याच."

आई हसली. "तुमी बी काय सर! घाबरायचं न्हाय म्हनून हिच्याच पत्रकात लिवलंय की." आणि ती लंगडत आत गेली, डबा उघडून माझं पत्रक घेऊन आली, आणि बोट ठेवून ते ठळक वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. तिच्या प्रतीवर हातानं लिहिलेली ओळ नव्हती. ती पहिली प्रत होती. "मी तर वाचूनच निवांत झालते," ती म्हणाली.

 सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं तर मला आयुष्यभर लिहिता आलं नसतं, एवढं मला कळतं. ते आईला म्हणाले, "तिनं बरोबरच लिवलंय. घाबरू नका. फकस्त दाखवा."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी डाग बघितला आणि त्याच आठवड्यात तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते इथं लिहीत नाही. सर रोज यायचे. आईला धीर वगैरे द्यायचे नाहीत. तिच्याशी दुधाच्या, आजऱ्याच्या तांदळाच्या, शेजारच्या मांजराच्या गप्पा मारायचे. मी एकदा अंगणात त्यांना म्हटलं, "सर, माझ्यामुळे झालं हे."

"डाग तुझ्यामुळं न्हाय आला. पेशी पत्रक वाचत न्हाईत," ते म्हणाले.  "उशीर झाला असला, तर तेवढा तुझा. तो किती, ते अहवालात कळंल. आदी मापू दे."

खोटा दिलासा न देणारा माणूस जवळ असणं केवढं मोठं असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

रंगपेशींचाच कॅन्सर होता. पण पातळ होता. मजला फोडून फार खाली उतरला नव्हता. डॉक्टर बाईंनी भोवतीच्या चांगल्या कातडीसकट तो काढला, जांघेतल्या गाठी तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. टाचेवर मांडीची कातडी लावली. सुरुवातीला दर थोड्या महिन्यांनी, मग काही वर्षं जरा लांबच्या अंतरानं, तपासणीला यावं लागणार, असं सांगितलं. "तळपाय कुणी बघितला?" त्यांनी मला विचारलं. "बहुतेक लोक फार उशिरा येतात." मी म्हटलं, "आमच्या सरांनी." "डॉक्टर आहेत का ते?" "नाही. चपला बघतात."

दवाखान्यातल्या पलंगावरून आईनं सरांना विचारलं होतं, "मांडीची कातडी टाचंला लावली, ती आता टाचंसारकी जाड हुईल न्हवं?"

"न्हाय वहिनी. ती मांडीचीच ऱ्हानार. नाजूक. तिला जपावं लागंल." मग ते आपल्या बोटांकडे बघत म्हणाले, "चप्पल आपन करू."

जखम पूर्ण भरल्यावर ते माप घ्यायला आले. एखादा मोठा कागद दे म्हणाले. आमच्या घरात मोठा कागद म्हणजे एकच. मी हलले नाही. त्यांनीच वाकून कॉटखालचा गठ्ठा ओढला, सगळ्यात वरचं पत्रक काढलं आणि कोरी बाजू वर करून जमिनीवर पसरलं. आई पाय मागं घ्यायला लागली. "सर, तुमी माज्या पायाला हात लावायचा? मास्तर मानूस तुमी."

"आत्ता मास्तर म्हनून न्हाय बसलो. चपला करनारा पायाला हात लावतोच की. ठेवा."

आईनं माझ्या पत्रकावर पाय ठेवला. सरांची पेन्सिल अंगठ्यापासून निघाली, बोटांच्या खाचांतून फिरली, आणि टाचेशी आल्यावर इतकी सावकाश झाली की चालतेय की थांबलीय ते कळेना. रेघ पुरी झाली. त्यांनी आत लिहिलं: वहिनी, डावी, टाच मऊ. कागद घडी करून खिशात घातला. उरलेला गठ्ठा काखेत मारून घेऊन गेले. त्यावरची ओळ त्यांनी कधी लिहून संपवली, मला माहीत नाही. पण नंतर बाजारात वाटलेल्या प्रत्येक पत्रकावर ती होती.

चपला घेऊन ते पंधरवड्यानं आले. वडिलांची रापी सोबत होती. चाळीस वर्षांनंतर केलेली पहिली जोडी. टाचेखाली आतून मऊ कातड्याचा दुहेरी थर, कडा दाबून गोल केलेल्या, वर दोन्ही बाजूंचे कान, पट्टा अडकतो ते, जरा रुंद, पाय सरकू नये म्हणून. आईनं घातल्या. सर म्हणाले, चाला. आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, त्यांना भरून आलं असेल. ते ऐकत होते.

आई दारापासून नळापर्यंत गेली. नव्या कातड्याचा कर्र, कर्र आवाज येत होता. "थांबा," सर भिंतीकडेच बघत म्हणाले. "डावी उचलून टाकताय. काढा." त्यांनी डावी चप्पल घेतली, पायरीवर बसले, रापीनं कडेची एक चिंधी काढली, अंगठ्यानं चोळली, परत दिली. पुन्हा भिंतीकडे तोंड. आई नळापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली.

"आता?" तिनं विचारलं.

"आता दोनी सारकं वाजत्यात," सर म्हणाले, आणि रापी फडक्यात गुंडाळली.

चहा नको म्हणाले. उंबऱ्याबाहेर त्यांच्या चपला होत्या. इतक्या वर्षांत त्या मी कधी बघितल्या नव्हत्या. त्या दिवशी ते पायात घालायच्या आधी मी वाकून बघितल्या. डावीची झीज साधी होती. उजवीची मात्र बाहेरच्या कडेनं, तिरपी, पार खालपर्यंत गेली होती. उजव्या पायावर कलून, हात वर करून, फळ्यासमोर पस्तीस वर्षं उभं राहिल्याची ती झीज होती.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

मी त्या उचलून, सरळ करून त्यांच्या पायांपुढं ठेवल्या. ते हसले, चपला घातल्या आणि गल्लीतून निघाले, जरा उजवीकडे झुकत. माझ्या पाठीमागं आई अजून अंगणात चालत होती, नळापर्यंत आणि परत.